‘डार्ट’ या क्रियापदाविषयी

बुधवारी सकाळी सहा वाजून पन्नास मिनिटांनी चाकण-तळेगाव रस्त्यावर माझी बायको टेम्पोखाली सापडली. आठ वाजता मला कंपनीतून फोन आला. साडेनऊला मी दवाखान्यात पोहोचलो. दहा वाजता डॉक्टरांनी ती गेल्याचं सांगितलं.

एवढी चार वाक्यं लिहायला मला बरेच महिने लागले. मी भोसरीच्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त करणं हे माझं रोजचं काम आहे. स्वतःचं वाक्य लिहायला बसलो की मात्र हात जड होतो. तो आधीपासूनच जड होता, तिच्या जाण्याने झाला असं नाही. मी मुळात संथ माणूस.

ती संथ नव्हती. चाकणच्या एका कारखान्यात ती गाड्यांच्या वायरी बांधायची. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांमधून रंगीत वायरी फिरवत न्यायच्या, ठरल्या जागी टेप गुंडाळायची, आणि गाडीच्या आत बसणारा एक जुडगा तयार करायचा. त्या कामाला डोळे आणि बोटं लागतात, आणि तिची बोटं फार जलद होती. घरीही तसंच. मी काही सांगायला लागलो की म्हणायची, “तुम्ही वाक्य सुरू करा, तोवर मी दोन पोळ्या लाटते. क्रियापद आलं की हाक मारा.” मराठी वाक्याचं क्रियापद शेवटी येतं, हे तिने माझ्याकडूनच ऐकलेलं होतं.

आम्ही दिघीत राहतो. राहत होतो, असं लिहायला हवं. आता मी राहतो. आम्हाला मूल नाही. पहिल्या शिफ्टची बस कासारवाडीहून निघायची, भोसरी-दिघी करत चाकणला जायची आणि कंपनीच्या समोरच्या बाजूला, रस्त्याच्या डावीकडे थांबायची. कंपनी उजवीकडे. बस वळवून गेटापाशी आणायची तर पंधरा मिनिटं जातात, म्हणून ड्रायव्हर कधी वळवायचा नाही. सकाळी त्या रस्त्यावरून कंटेनर आणि टेम्पो एकामागून एक चाललेले असतात. बायकांनी त्यावर आपली एक रीत काढली होती. सगळ्या उतरल्या की एकमेकींचे हात धरून साखळी करायची. सगळ्यांत पुढे आक्का. ही चाकणजवळच्या एका वाडीतली, त्या भागातल्या जुन्या घरची बाई. वाडीच्या फाट्यावर बसमध्ये चढायची. कंपनीत सगळ्या तिला आक्काच म्हणत. ती डब्याची पिशवी उंच धरायची आणि रस्त्यात पाय टाकायची. साखळीच्या शेवटी माझी बायको. रस्त्यात हात सोडायचा नाही. पलीकडे पोचलं की परत फिरायचं नाही. मध्ये चप्पल, रुमाल, काही पडलं तरी पडलं ते पडलं. हे नियम तिने मला हसत हसत सांगितले होते, आणि तिला रोज सुखरूप पलीकडे नेणारं काहीतरी आहे याचं मला बरं वाटलं होतं.

दिवसकार्याला आक्का आली तेव्हा म्हणाली, “साखळीतच हुतो गुरुजी आमी. टेम्पोवाल्यानं येऊन शेवटाला ठोकलं.” बाकीच्या बायकांनी माना हलवल्या. मी ते तसंच धरून चाललो. भरपाईसाठी मी एक वकील केले होते, त्यांनी त्यावरच दावा लिहिला.

सात महिन्यांनी टेम्पोच्या विमा कंपनीचं लेखी म्हणणं आलं. पिंपरीत वकिलांचं कार्यालय पहिल्या मजल्यावर आहे, खाली झेरॉक्सचं दुकान. तिथल्या खुर्चीत बसून मी तो इंग्रजी कागद वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की मयत व्यक्ती रस्त्याच्या कडेवर उभी होती आणि ‘सडनली डार्टेड’ रस्त्यात आली, त्यामुळे टेम्पोचालकाचा काही दोष नाही.

“मनाला लावून घेऊ नका, सर,” वकील म्हणाले. “हे सगळ्यांच्या बाबतीत हेच लिहितात. यांच्या कॉम्प्युटरात तयार असतं, फक्त नाव बदलायचं. मागे एक आजोबा गेले, काठी टेकत चालायचे. तेसुद्धा डार्टेड!”

ते हसले. मी हसत नाही हे पाहून त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला.

त्या एका शब्दाशी मी अडलो होतो. इंग्रजीत जलद हालचालीची क्रियापदं पुष्कळ आहेत आणि आठवीला मी ती दर वर्षी शिकवतो. ‘रन’ लांबवर चालतं, त्यात दम लागतो. ‘रश’मध्ये उशीर झालेला असतो. ‘डॅश’मध्ये जोर असतो, समोर काही आलं तर आपटेल असा. ‘डार्ट’ या सगळ्यांहून लहान. अंतर थोडं, वेळ त्याहून थोडा. भिंतीवरची पाल डार्ट करते, उथळ पाण्यातली मासळी करते, सरड्याची जीभ करते. माणसाची नजरही करते: कोणी एकीकडे बोलत असताना मध्येच दाराकडे पाहून घेतं, ते पाहणं. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. जे डार्ट करतं ते आधी स्थिर असतं. पाल आधी भिंतीला चिकटून थांबलेली असते. म्हणून त्या हालचालीने आपण दचकतो. मराठीत यासाठी एक क्रियापद सापडत नाही. आपण ‘सुळकन’, ‘झटकन’ असं काही आधी म्हणतो आणि मग ‘गेली’ म्हणतो.

‘सडनली’ची तिथे गरज नव्हती. तो अचानकपणा क्रियापदात असतोच. वर्गात मी तो शब्द लाल पेनने खोडला असता.

पण त्या कागदाला खोटं म्हणणं मला जमेना. हात धरून चाललेल्या माणसाला डार्ट करता येत नाही. मग एक तर कागद खोटा होता, नाहीतर साखळी. आणि तो शब्द तिचा होता. दूध उतू जायच्या आत गॅसपाशी पोचणारी, गच्चीवरून उडालेला टॉवेल कठड्यापाशी पकडणारी ती मी पंधरा वर्षं पाहिली होती. ज्याने तो कागद लिहिला त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं, तरी शब्द बरोबर पडला होता. त्याची मला भीती वाटली. ती कडेवर पोचलेली होती, सुखरूप होती, आणि तिथून परत रस्त्यात आली, असं झालं असेल तर का आली? शब्दकोशात त्या क्रियापदाचा वेग आहे. कारण तिथे कुठेही दिलेलं नाही.

रविवारी मी आक्काच्या वाडीला गेलो. ती ओट्यावर लसूण सोलत होती.

“या गुरुजी. आज पुस्तक न्हाई हातात? चुकल्यासारखं वाटतंय.”

“आक्का, एक विचारायचंय. साखळी रस्त्यात होती, की पलीकडे पोचली होती?”

“सांगितलं न्हवं तवा.”

“विमा कंपनीच्या कागदात लिहिलंय की ती कडेवर उभी होती.”

“कागदाला काय कळतंय? कागद हुता का तिथं?”

मला पटकन बोलता येत नाही याचा तेवढा एक फायदा आहे. समोरच्याला थांबून राहवत नाही. आक्काने दोन पाकळ्या सोलल्या, तिसरी सालीसकट सोललेल्यांत टाकली.

“पोचलो हुतो,” ती म्हणाली. “समद्या. मी मोजल्या बी. आन् त्या नवीचं कारड पडलं हुतं मधी, रस्त्यात.”

कंपनीत शिरताना गळ्यातलं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर गेटावरचा माणूस आत सोडत नाही, दिवस जातो. नवी बाई अपघाताच्या महिनाभर आधीच लागली होती. कासारवाडीची. तिचं कार्ड कच्च्या फितीला होतं.

“मी वरडले, पडलं ते पडलं, ऱ्हाऊ दे. पर तिला वाटलं, आज परत पाठवलं तर कायमचंच पाठवतील. गेली माघारी. वाकली रस्त्यात. फीत डांबराला चिकटलेली, निघंना. टेम्पो आला. गुरुजी, खोटं कशाला बोलू, आमी समद्या बघत हुतो. पाय उचलंना कुनाचा. आन् तुमची बाई...” आक्का थांबली. “ती जाताना मला दिसलीच न्हाई. माझ्या बाजूला हुती, आन् मंग तिथं हुती.”

त्या क्रियापदाचा अर्थ इतका नेमका मी कुठल्या पुस्तकात वाचलेला नाही.

“मग साखळीत होतो असं का सांगितलंत?”

“वकीलसायबानं फोनवर इचारलं, साखळीत हुता न्हवं? मी म्हनलं व्हय. रोज असतोच की.” तिने पदराने हात पुसले. “आन् स्वतःहून गाडीखाली गेली असं कुनी लिवलं असतं मंग? चाललं असतं तुमास्नी?”

निघताना मी नवीबद्दल विचारलं. ती अजून कामाला येते, आक्का म्हणाली. “साखळीत घेत न्हाई आमी तिला. येती मागनं एकटी.”

वकिलांना मी सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“हे तुम्ही मला सांगितलं नाही, मी ऐकलं नाही,” ते म्हणाले. “साखळीत चालताना धडक दिली म्हटलं की चूक सगळी ड्रायव्हरची. कडेवरून परत आली म्हटलं की निम्मी चूक बाईंची. आणि ती नवी बाई, तिच्या येण्याने आपलं काही भलं होत नाही.”

“पण ती तिला वाचवायला गेली होती.”

“सर, ते तुम्हाला माहीत आहे. पुरे आहे की.”

माझं प्रतिज्ञापत्र त्यांनी तयार केलं. त्यात ‘सावकाश चालत’ असे शब्द होते. मी सही केली. उलटतपासात मला फक्त विचारलं की आपण त्या वेळी तिथे होता का. नव्हतो, असं मी सांगितलं.

तरी मला नवीला भेटायचं होतं. काय विचारायचं ते ठरलेलं नव्हतं. कासारवाडी स्टेशनच्या अलीकडे तिच्या नवऱ्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज आहे, वरच्या मजल्यावर घर. तो एका स्कूटरचं इंजिन उघडून बसला होता. मी कोण ते सांगितल्यावर तो उठला, हात पुसले, स्टूल पुढे केलं.

“बसा सर. गाडीचं काम असेल तर हातातलं सोडून करतो. कोर्टाचं असेल तर गॅरेज बंद आहे.”

“शटर तर उघडं दिसतंय,” मी म्हणालो.

तो थोडा हसला. “मास्तर लोकांशी बोलण्यात कोण जिंकणार. चहा घ्या. पण ऐका. मॅडम गेल्या, अल्लाह त्यांना चांगली जागा देवो. आम्ही रोज दुवा करतो. पण माझ्या बायकोला त्या कंपनीत कुणी पाणी विचारत नाही. तेच परत कोर्टात चार लोकांपुढं सांगायचं, की माझ्यामुळं बाई मेली? हिला जगायचंय अजून.”

ती जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन उभी होती. तिशीची असेल. डोक्यावरची ओढणी दोन्ही हातांनी धरली होती.

“ती काही म्हणाली का?” मी विचारलं. “त्या वेळी.”

“नाही सर. ढकललं फक्त.” तिने आपल्या डाव्या खांद्याला, मागच्या बाजूने, हात लावला. “इथं. दोन दिवस दुखत होतं.”

मी चहा संपवला आणि निघालो.

पुढच्या तारखेला आक्काची साक्ष होती. मोटार अपघाताच्या दाव्यांचं न्यायालय पुण्यात आहे. आक्का नवं लुगडं नेसून आली होती आणि बाकावर माझ्या शेजारी बसून सारखी पदर नीट करत होती. विमा कंपनीचे वकील तरुण होते, सभ्य होते, तिला ‘बाई’ म्हणून हळू आवाजात विचारत होते.

“तुम्ही सगळ्या रस्ता ओलांडून पलीकडे पोचला होता, हे खरं आहे का?”

“न्हाई. रस्त्यातच हुतो.”

“मयत बाई कडेवरून परत रस्त्यात आल्या?”

“न्हाई. हात धरून चालली हुती माझ्या मागनं.”

“घाईत होत्या?”

“घाई?” आक्का म्हणाली. “तिला कसली घाई! हळूबाई हुती ती. समद्यांच्या मागं असायची म्हनून तर शेवटाला ठेवलेली.”

लघुलेखकाने ते टंकलं. मी बाकावर बसून होतो. माझ्या हातात चष्म्याचं घर होतं, ते मी उघडत आणि मिटत होतो. वकिलांनी मागे वळून पाहिलं तेव्हा थांबलो. उठून उभं राहावं, हे खोटं आहे म्हणावं, असं मनात आलं. पण मी तसं केलं असतं तर त्या बाईला, जी माझ्यासाठी शपथेवर खोटं बोलत होती, मी भर न्यायालयात उघडं पाडलं असतं. मी बसून राहिलो. माझ्या बायकोला आयुष्यात कोणी हळूबाई म्हटलं नव्हतं. आता ते सरकारी कागदावर चढलं होतं.

बाहेर आल्यावर आक्काने विचारलं, “झालं न्हवं बरोबर?”

“झालं,” मी म्हणालो. तिला उसाचा रस पाजला आणि बसमध्ये बसवून दिलं.

त्याच आठवड्यात आठवीच्या वर्गात तो पाठ आला. दर वर्षी मी ही क्रियापदं करून दाखवतो. फळ्यापासून खिडकीपर्यंत ‘वॉक’, दारापर्यंत ‘रश’. मुलांना हा तास आवडतो.

“सर, आता डार्ट करून दाखवा!”

“नको रे, सर पडतील!”

“सर टेबलामागून करतील, मग पडले तरी दिसणार नाहीत!”

सगळा वर्ग हसत होता. मी टेबलापाशी उभा होतो आणि माझा पाय हलेना. खडू हातात तसाच. मुलं हळूहळू गप्प झाली. मी फळ्यावर पुढचं क्रियापद लिहिलं आणि ते वाचायला सांगितलं. एका मुलीने मोठ्याने वाचलं. बाकी कोणी काही विचारलं नाही, म्हणजे माझ्या बायकोचं काय झालं ते घरोघरी माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना शिपाई म्हणाला की गेटावर कोणी बाई थांबल्यात. नवी होती. शिफ्ट करून आली होती, बोटांना टेपचा चिकटा तसाच होता. तो मी ओळखतो.

“सर, मी कोर्टात येते.”

मी तिला आत बोलावलं. ती आली नाही, गेटाच्या सळीला धरून बोलत राहिली.

“परवा बसमध्ये सगळ्या सांगत होत्या. आक्का कोर्टात काय म्हणाल्या ते. मॅडम हात धरून हळू चालत होत्या. म्हणजे मी तिथं नव्हतेच. कार्ड पडलंच नाही. सगळ्या हसत होत्या, आक्कांनी वकिलाला कसं गप्प केलं म्हणून. मी खिडकीकडं तोंड करून बसले.” तिचा आवाज चढला, मग तिने तो खाली आणला. “सर, असं असेल तर मला ढकललं कुणी?”

“घरी सांगितलंय?”

“सांगितलंय. दोन दिवस बोलत नाहीत माझ्याशी. पण आज गाडीवर त्यांनीच सोडलं.”

रस्त्यापलीकडे तिचा नवरा स्कूटरला टेकून दुसरीकडे बघत उभा होता.

वकील चिडले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. “आपल्याच साक्षीदाराला आपणच खोटं पाडायचं? सर, मी बावीस वर्षं प्रॅक्टिस करतोय, असा अशील पाहिला नाही. त्या आक्काचं काय होईल? तुमच्या दाव्याचं काय होईल? आणि मिळणार काय तुम्हाला?”

“ती काय करताना गेली ते लिहिलं जाईल.”

“पुढच्या तारखेला आठ दिवस आहेत. विचार करून सांगा.”

त्या आठ दिवसांत मी फार विचार केला असं नाही. मी तेच ते विचार पुन्हा पुन्हा करत होतो. नवी आली नाही तर सगळे सुरक्षित होते. आक्का, नवी, दावा, मी. फक्त ती त्या कागदांत एक संथ बाई म्हणून राहिली असती, जिला रांगेत चालताना धक्का लागला. तिने स्वतःहून काही केलं नसतं. आणि विमा कंपनीच्या कागदात ती कारणाशिवाय गाडीपुढे आलेली बाई म्हणून राहिली असती. दोन्ही कागदांत ती नव्हती. सातव्या दिवशी मी वकिलांना हो म्हणून कळवलं आणि संध्याकाळी वाडीला गेलो, कारण आक्काला हे दुसऱ्याकडून कळू नये असं मला वाटत होतं.

तिने ऐकून घेतलं. ओट्यावर ती उभी होती, मी खाली अंगणात.

“मंग मी कोर्टात बोलले ते काय झालं?”

“खोटं ठरेल.”

“कुनासाठी बोलले मी? माझ्यासाठी? माझी एक रजा गेली. लुगडं घेतलं नवं. देवाची शपथ घेतली.” तिचा आवाज मोठा होत गेला, शेजारच्या घरातून कोणीतरी बाहेर आलं. “तवा तिथंच बसला हुता न्हवं तुमी? माझ्याकडं बघत हुता. तवाच का न्हाई बोलला? मला तोंडावर पाडायला माझाच हात धरून नेलं व्हय गुरुजी?”

मी म्हणालो, “माझं चुकलं.”

“तुमचं चुकलं आन् तोंड माझं काळं,” ती म्हणाली आणि आत गेली.

नवीची साक्ष अर्धा तास चालली. नवरा शेवटच्या बाकावर बसला होता. विमा कंपनीच्या वकिलांनी तिला तेच विचारलं जे आक्काला विचारलं होतं, आणि ती प्रत्येकाला ‘हो’ म्हणत गेली. पलीकडे पोचलो होतो, हो. मॅडम कडेवर उभ्या होत्या, हो. तिथे त्यांना काही धोका नव्हता, हो. तिथून एकदम रस्त्यात आल्या, हो. प्रत्येक ‘हो’ला आमचे वकील समोरच्या कागदावर एक रेघ ओढत होते. तरुण वकिलांचं काम झालं होतं. ते बसले.

मग न्यायाधीशांनी मान वर केली आणि मराठीत विचारलं, “त्या परत का आल्या?”

पंखा चालू होता, बाहेर कोणाचं तरी नाव पुकारत होते. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, कठड्यावर ठेवलेले हात दिसत होते. तिने ‘माहीत नाही’ म्हटलं असतं तर कोणी तिला दोष दिला नसता. मी तिच्या नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

“मी रस्त्यात वाकले होते,” ती म्हणाली. “माझं कार्ड पडलं होतं. परत जायचं नाही असा नियम होता, तरी मी गेले. मला टेम्पो दिसला नाही. मॅडमनी मला मागून ढकललं, मी पलीकडं पडले. त्यांना जायला वेळ मिळाला नाही.”

न्यायाधीशांनी ते स्वतः सांगून टंकून घेतलं. इंग्रजीत. मी कान देऊन ऐकत होतो. त्यांनी ‘डार्टेड’ म्हटलं नाही. ‘केम बॅक’ म्हटलं. परत आली. साधं क्रियापद, त्यात वेग काहीच नाही. एरवी मी त्यावर शंका काढली असती.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. टेम्पोचालक वेगात होता आणि त्याला रस्त्यात वाकलेली बाई दिसायला हवी होती, असं त्यात आहे. मयत स्त्री सहकारी स्त्रीला वाचवण्यासाठी कडेवरून परत आली आणि येताना तिने वाहनाकडे पुरेसं लक्ष दिलं नाही, म्हणून थोडा दोष तिचाही आहे, असंही त्यात आहे. तिचं वाचवणं आणि तिचा दोष, ही दोन्ही एकाच वाक्यात आहेत. त्याच्या पुढच्या परिच्छेदात लिहिलं आहे की दुसऱ्या साक्षीदाराच्या साक्षीवर विश्वास ठेवता येत नाही. ती दुसरी साक्षीदार म्हणजे आक्का. तिथे तिचं पूर्ण नाव आणि गाव आहे.

नवीने ती कंपनी सोडली. आता ती लोकलने तळेगाव दाभाड्याला एका कारखान्यात जाते. कासारवाडीला माझी स्कूटर तिचा नवरा दुरुस्त करतो आणि आम्ही दोघं फक्त स्कूटरबद्दल बोलतो.

निकालाची प्रत माझ्याकडे आहे. आक्काला मी महिन्यातून एकदा फोन करतो. ती उचलत नाही.